तळहात पालथा केला की अंगठा 'आतला' होतो का? दिशा, प्रतलं आणि हालचालींचे शब्द

ओंजळ

ग्वाल्हेरात हे शब्द दोन दारांनी येतात. एक 1946 चं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय, दुसरी 1957 ची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था. शब्द तेच, पण पहिल्या दारातली मुलं त्यांनी शरीर कापतात आणि दुसऱ्या दारातली हलवतात. शिवाय नर्सिंग, फिजिओ आणि योगशिक्षक आहेतच. घरी मराठी, वर्गात हिंदी, पेपर इंग्रजीत. ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं निघाली, पण त्यांतही इंग्रजी संज्ञाच देवनागरीत लिहिल्या आहेत. म्हणून इथेही मीडियल (मधल्या रेषेकडचं), लॅटरल (बाहेरच्या बाजूचं) असंच लिहू. मराठी शब्द खरोखर कामाचा असेल तिथे तो घेऊ.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: समोरचा माणूस जसा बसलाय किंवा निजलाय, त्यावरून दिशा सांगणं. दिशा नेहमी ठरलेल्या एका उभ्या स्थितीवरून सांगायची. ताठ उभं, चेहरा आणि नजर समोर, पावलं जवळजवळ आणि बोटं पुढे, हात अंगालगत सरळ, तळहात समोर. याला ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणतात.

यातली तळहाताची अट मुलं विसरतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची आहे. तळहात समोर असला की कोपर ते मनगट भागातली दोन हाडं, अंगठ्याकडचं रेडियस आणि करंगळीकडचं अल्ना, एकमेकांना समांतर असतात. तळहात मागे वळवला की रेडियस अल्नावरून तिरपं जातं. म्हणून मोजमाप समांतर स्थितीत धरलंय. त्या स्थितीत अंगठा बाहेर, करंगळी मांडीकडे. म्हणजे अंगठा लॅटरल, करंगळी मीडियल. हात पालथा करा, डोक्यावर ठेवा, पाठीमागे बांधा, अंगठा लॅटरलच.

उदाहरण नाडीचं. मनगटाच्या अँटिरिअर, म्हणजे पुढच्या बाजूला, फ्लेक्सर कार्पी रेडियालिस या मनगट वाकवणाऱ्या स्नायूच्या कंडरेच्या लॅटरल अंगाला बोटं ठेवली की ती लागते. टेबलावर हात पालथा ठेवून विचारलं तर निम्मी मुलं 'मीडियल' म्हणतात, कारण अंगठा त्या क्षणी पोटाकडे आलेला असतो.

पहिल्या_बाकावरची

ताई, पेशंट उताणा निजलाय. मग पोट 'वर' आहे आणि पाठ 'खाली'. तेव्हा सुपिरिअर कुठलं?

ओंजळ

डोक्याकडचं. पायांकडचं ते इन्फिरिअर. पोट अँटिरिअर, पाठ पोस्टिरिअर. गादी, जमीन, छत यांचा संबंधच नाही. उताणा म्हणजे सुपाइन आणि पालथा म्हणजे प्रोन, ही निजण्याची नावं झाली. ती दिशा बदलत नाहीत.

मैदानी

आमच्याकडे हे मल्लखांबावर लगेच पटतं. 2013 पासून तो मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे, तेव्हा उदाहरण परकं नाही. मूल खांबावर उलटं लटकलेलं असताना विचारायचं, नाभीच्या सुपिरिअर काय? उत्तर छाती, जरी ती जमिनीकडे असली तरी. शीर्षासनातही हेच.

लष्करी_भाकर

म्हणजे शरीराचा पत्ता शरीरातच. ग्वाल्हेरचे मोहल्ले घ्या: लष्कर, मुरार, हजिरा. तुम्ही कुठेही उभे राहा, मुरार मुरारमध्येच.

अस्थिरंग

हो, पण पत्ते दोन प्रकारचे आहेत आणि ते मिसळू नयेत.

धडाला सुपिरिअर-इन्फिरिअर. हातापायांना प्रॉक्सिमल-डिस्टल, म्हणजे धडाशी जिथे जोड आहे त्याच्या जवळचं आणि लांबचं. कोपर मनगटाच्या प्रॉक्सिमल. बोटाचं पहिलं पेर प्रॉक्सिमल, नखाचं डिस्टल. 'मनगट कोपराच्या खाली' हे वाक्य केस पेपरवर नको, कारण झोळीत बांधलेल्या हाताचं मनगट कोपराच्या वर असतं. प्रॉक्सिमल-डिस्टल झोळीतही बदलत नाही.

रक्तवाहिन्या आणि आतड्यालाही हीच जोडी लागते, फक्त तिथे उगम धरायचा. धमनी हृदयाकडून जिथून निघाली ते प्रॉक्सिमल.

मीडियल-लॅटरल हे मधल्या उभ्या रेषेशी तुलनेने, आणि हे शब्द सुटे वापरायचे नाहीत. डोळा लॅटरल आहे का? नाकाच्या तुलनेत लॅटरल, कानाच्या तुलनेत मीडियल. वाक्यात 'कशाच्या' हे आलंच पाहिजे, नाहीतर मार्क जातो आणि जायलाच हवा.

सुपरफिशिअल-डीप हे कातडीपासूनचं अंतर. इथे गंमत होते: पाठीवर सुपरफिशिअल म्हणजे अधिक पोस्टिरिअर, पोटावर सुपरफिशिअल म्हणजे अधिक अँटिरिअर. दोन्ही जोड्या एकच समजणारे पाठीचे स्नायू शिकताना अडकतात.

डावं-उजवं नेहमी पेशंटचं. आरशासारखं समोर उभं राहून बोलू नका.

चकत्या

डाव्या-उजव्यावर माझ्या कामातलं सांगतो. सीटीचं आडवं चित्र असं मांडतात की पेशंट उताणा निजलाय आणि तुम्ही त्याच्या पायांशी उभे राहून डोक्याकडे बघताय. त्यामुळे पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. यकृत चित्रात डावीकडे दिसलं तर ते योग्य जागीच आहे. पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक जण ते 'डाव्या बाजूला' लिहितो.

सोनोग्राफीच्या उभ्या छेदात चित्राची डावी कड डोक्याकडची धरतात. तिथे डावं-उजवं हा प्रश्नच नसतो, वर-खाली असतं. हे सांगितलं नाही तर मुलं उभ्या छेदातही यकृताची बाजू शोधत बसतात.

पहिल्या_बाकावरची

सॅजिटल आणि कोरोनल हे छेद माझे नेहमी उलटे होतात. दोन्ही उभेच ना?

ओंजळ

दोन्ही उभेच, म्हणून तर घोळ. वर्गात मी काकडी वापरत नाही. काकडीला पुढची बाजू नसते. एका दुधी भोपळ्यावर स्केच पेनने नाक, डोळे, कान काढायचे आणि सुरी धरायची.

सुरी नाकावरून मागे शेंडीकडे गेली, प्रत्येक तुकड्याला एकेक कान मिळाला: सॅजिटल. सुरी बरोबर मधोमध असेल तर मीडियन, बाजूला सरकून समांतर असेल तर पॅरासॅजिटल. सुरी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे गेली, एका तुकड्याला नाक आणि दुसऱ्याला नुसती मागची बाजू: कोरोनल. नुसत्या चकत्या पडल्या: ट्रान्सव्हर्स. सीटीवाले त्यालाच ॲक्सियल म्हणतात.

डोक्यावरच दोन्ही रेषा आहेत. मधला भांग म्हणजे सॅजिटल. हेअरबँड कानामागून कानामागे जातो तो कोरोनल. कवटीच्या सांध्यांचीही हीच नावं आहेत. भांगाखाली सॅजिटल सूचर, आडव्या बाजूला कोरोनल सूचर, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथेच बाळाची टाळू, जिच्यावर आजी तेल घालते. ती साधारण दीड वर्षापर्यंत भरते. सॅजिटल हा शब्द लॅटिनमधल्या बाणावरून आला. टाळूला टेकलेला सॅजिटल सूचर वरून बघितला की बाणाचा दांडा आठवतो.

मैदानी

आमच्या विद्यार्थ्यांना इथे अर्धंच उत्तर मिळतं. त्यांना प्रतलाबरोबर, म्हणजे या छेदाच्या पातळीबरोबर, आसही (ज्या रेषेभोवती फिरतं ती) सांगावा लागतो, आणि पेपरात गोची तिथेच होते.

नियम एवढाच की आस प्रतलाला काटकोनात असतो. रहाट बघा. चाक उभं फिरतं, आस आडवा. कोलांटी तशीच. शरीर सॅजिटल प्रतलात फिरतं, आस डावीकडून उजवीकडे. जातं बघा. मधली मेख उभी, तळी आडवी फिरते. गिरकी तशीच. ट्रान्सव्हर्स प्रतल, उभा आस. हातावर हात टेकत बाजूने चाकासारखं जाणं, म्हणजे कार्टव्हील, हे कोरोनल प्रतल आणि आस पुढून मागे.

परीक्षेतला नेहमीचा सापळा: 'सॅजिटल आसाभोवतीची हालचाल कोणत्या प्रतलात?' सॅजिटल आस पुढून मागे जातो, म्हणून हालचाल कोरोनल प्रतलात, उदाहरणार्थ हात बाजूने वर उचलणं. नाव सारखं दिसलं म्हणून सॅजिटल लिहिलं की गेलं.

लष्करी_भाकर

जातं हल्ली कुणी पाहिलंय? मिक्सर म्हणा.

मैदानी

मिक्सरचं पातंही उभ्या आसाभोवतीच फिरतं, चालेल. रहाटाला मात्र सायकलचं चाक घ्यावं लागेल.

ओंजळ

आता हालचाली. फ्लेक्शन म्हणजे सांध्याचा कोन कमी होणं, एक्स्टेन्शन म्हणजे वाढणं, ही व्याख्या कोपर-गुडघ्याला पुरते, खांद्याला पुरत नाही. हात पुढून वर नेणं हे खांद्याचं फ्लेक्शन, 180 अंशांपर्यंत. तिथे कुठला कोन कमी झाला ते शोधू नका. धड आणि खांदा-नितंब यांच्यासाठी 'पुढे नेणं ते फ्लेक्शन, मागे नेणं ते एक्स्टेन्शन' हे धरा. गुडघा याला अपवाद, तिथे पाय मागे जातो.

अस्थिरंग

गुडघा अपवाद का, हे सांगितलं की पाठ करावं लागत नाही. गर्भात हातापायांचे अंकुर वाढताना हात बाहेरच्या बाजूला साधारण 90 अंश वळतात आणि पाय आतल्या बाजूला साधारण 90 अंश. त्यामुळे कोपराचं टोक मागे गेलं, गुडघ्याची वाटी पुढे आली. हाताचे फ्लेक्सर, म्हणजे वाकवणारे स्नायू, पुढे, पायाचे फ्लेक्सर मागे. अंगठा लॅटरल आणि पायाचा अंगठा मीडियल, हेही त्यामुळेच.

पहिल्या_बाकावरची

पाऊल वर उचलणं ते एक्स्टेन्शन की फ्लेक्शन? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.

कोनमापक

दोन्ही शब्द टाका. डॉर्सिफ्लेक्शन म्हणजे पावलाचा वरचा भाग नडगीकडे, प्लांटारफ्लेक्शन म्हणजे टाचेवरून पंजा खाली, एक्सिलरेटर दाबल्यासारखा. रचनेच्या हिशेबाने वर उचलणारे स्नायू एक्स्टेन्सर गटात येतात, कोनाच्या हिशेबाने ते फ्लेक्शन वाटतं. वाद तिथून येतो.

मोजताना घोट्याचा शून्य हा पाऊल नडगीला काटकोनात असतानाचा. तिथून वर 20, खाली 50 अंश धरतात. नवखा माणूस कोनमापकावरचा आकडा तसाच वाचतो आणि '90 अंश' लिहितो.

आणखी एक. डॉर्सिफ्लेक्शन गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोनदा मोजा. पोटरीचा गॅस्ट्रॉक्नेमिअस गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडाला लागतो, सोलिअस खालीच. गुडघा वाकवल्यावर कोन वाढला तर गॅस्ट्रॉक्नेमिअस आखडलाय. नाही वाढला तर सोलिअस किंवा घोट्याचा सांधाच अडलाय. 'डॉर्सिफ्लेक्शन 5' एवढंच लिहून गुडघ्याची स्थिती न लिहिणं म्हणजे पुढच्या माणसाचं काम वाढवणं.

ओंजळ

ॲब्डक्शन आणि ॲडक्शन. मधल्या रेषेपासून दूर, मधल्या रेषेकडे. ऐकताना दोन्ही इतके सारखे की वॉर्डात इंग्रजी अक्षरं फोडून 'ए-बी-डक्शन', 'ए-डी-डक्शन' म्हणतात. फोनवर सांगताना तर हे सक्तीचंच करा.

हिंदी परिभाषेत अपवर्तन आणि अभिवर्तन असे शब्द आहेत. भौतिकशास्त्रात अपवर्तन म्हणजे प्रकाशाचं वळणं, तेव्हा दहावी झालेल्या मुलाच्या डोक्यात आधी काचेचा लोलक येतो. माझं मत, इथे मराठी-हिंदी दोन्ही सोडावेत.

पण प्रोनेशन-सुपिनेशनला मराठीइतके सोपे शब्द कुठेच नाहीत. तीर्थ घेताना तळहात उताणा: सुपिनेशन. पोळी लाटताना पालथा: प्रोनेशन. उताणा माणूस सुपाइन, पालथा माणूस प्रोन, तळहाताचंही तेच. लहान मूलही 'हात पालथा कर' समजतं, परिभाषा नको.

कोनमापक

मोजताना मात्र तेवढ्यावर थांबू नका. कोपर 90 अंशांत वाकवून कुशीला चिकटवा, मुठीत पेन उभं धरायला सांगा. पेन उभं म्हणजे शून्य. तिथून दोन्हीकडे 80 ते 90 अंश. कोपर सुटलं की खांदा फिरतो आणि अडलेलं प्रोनेशन पूर्ण दिसतं. पेशंट फसवत नसतो, शरीर वाट काढतं. पालथा करताना कोपर बाहेर उचललं गेलं की समजा, उरलेलं काम खांदा करतोय.

आणि पेचकस. उजव्या हाताने स्क्रू आवळणं हे सुपिनेशन. त्याला बायसेप्स जोर देतो, आणि कोपर काटकोनात असताना सर्वांत जास्त. कोपर सरळ ठेवून घट्ट स्क्रू आवळून बघा, जोर कमी वाटेल.

अस्थिरंग

अंगठ्याबद्दल कुणी बोललं नाही. परीक्षक तिथेच पकडतात.

अंगठा बाकी बोटांच्या तुलनेत जवळजवळ काटकोनात वळलेला आहे. बोटांची नखं मागे, अंगठ्याचं नख बाजूला, हे आपल्याच हातावर दिसतं. म्हणून त्याच्या हालचालींची प्रतलंही 90 अंशांनी फिरतात.

टेबलावर हात उताणा ठेवा, म्हणजे तळहात छताकडे. आता:

अंगठा तळहातावरून सरपटत करंगळीकडे नेला, तर फ्लेक्शन. त्याच पातळीत बाहेर ताणला, तर एक्स्टेन्शन. अंगठा सरळ छताकडे उभा केला, तर ॲब्डक्शन. तिथून परत तर्जनीच्या कडेला टेकवला, तर ॲडक्शन. अंगठ्याचं बोटुक करंगळीच्या बोटुकाला समोरासमोर टेकवलं, तर अपोझिशन.

म्हणजे बोटांचं ॲब्डक्शन तळहाताच्या पातळीत आणि अंगठ्याचं त्या पातळीच्या बाहेर. लिफ्ट मागताना दाखवतो तो अंगठा ॲब्डक्शन नाही, एक्स्टेन्शन आहे.

उपयोग: छताकडे धरलेल्या पेनाला अंगठा उचलून टेकवता आला तर ॲब्डक्टर पोलिसिस ब्रेव्हिस हा अंगठा उचलणारा स्नायू चालतोय, म्हणजे मीडियन नर्व्हची ती शाखा ठीक. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरायला देऊन ओढला आणि अंगठ्याचं टोकाचं पेर वाकलं, तर ॲडक्टर कमजोर, म्हणजे अल्नर नर्व्हचा प्रश्न; ते पेर वाकवणारा स्नायू मीडियन नर्व्हचा आहे आणि तो मदतीला धावलाय. ज्याला ॲब्डक्शन आणि एक्स्टेन्शन वेगळं करता येत नाही, तो चुकीच्या नर्व्हचं नाव लिहितो.

पहिल्या_बाकावरची

आणि बाकी बोटं? मधल्या बोटाचं ॲब्डक्शन कुणापासून दूर?

अस्थिरंग

छान प्रश्न. हातात मधली रेषा शरीराची नसते, मधल्या बोटाची असते. पावलात दुसऱ्या बोटाची. मधलं बोट स्वतःच रेषेवर असल्यामुळे ते कुठेही सरकलं तरी ॲब्डक्शनच. म्हणून त्याला दोन डॉर्सल इंटरॉसिअस (बोटं फाकवणारे स्नायू) आहेत आणि पामर (बोटं जवळ आणणारा) एकही नाही.

लष्करी_भाकर

मधलं बोट कुठेही जा, घरापासून लांबच. समजलं.

कोनमापक

आता सगळ्यांत जास्त मार्क घालवणारी जागा. खुर्चीत बसवा, गुडघे काटकोनात, पाय लोंबते. पाऊल बाहेर नेलं. नितंबाच्या सांध्यात कुठली हालचाल झाली?

पहिल्या_बाकावरची

लॅटरल रोटेशन, म्हणजे बाहेर वळणं.

कोनमापक

चूक, मीडियल. मांडीवर पेनाने एक रेघ मारा, पुढच्या बाजूला मधोमध, गुडघ्यापर्यंत. पाऊल बाहेर गेलं की ती रेघ आत, दुसऱ्या मांडीकडे वळते. हालचाल मांडीच्या हाडाची मोजायची आहे. पाऊल फक्त काट्यासारखं दाखवतंय.

खांद्याला उलटं का? कोपर काटकोनात, कुशीला टेकलेलं, हात बाहेर नेला तर ते लॅटरलच. कारण कोपर वाकल्यावर हात आसाच्या पुढे येतो, आणि गुडघा वाकल्यावर पाय आसाच्या मागे जातो. पुढचा काटा बाहेर गेला तर हाड बाहेर वळलं, मागचा काटा बाहेर गेला तर हाड आत वळलं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

वॉर्डात याची किंमत मोठी आहे. वयस्क माणूस पडला, पाय आखूड आणि लॅटरल रोटेशनमध्ये, पंजा बाहेर पडलेला: मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर आधी आठवा. अपघातात गुडघा डॅशबोर्डवर आपटला, पाय वाकलेला, ॲडक्शनमध्ये आणि मीडियल रोटेशनमध्ये: सांधा मागच्या बाजूला निखळलाय. 'पाय वाकडा' लिहिलं तर दोन्ही एकच.

मैदानी

इन्व्हर्जन-एव्हर्जन राहिलं. तळवा आत बघतो ते इन्व्हर्जन, बाहेर बघतो ते एव्हर्जन. घोटा मुरगळणं बहुतेक वेळा प्लांटारफ्लेक्शन आणि इन्व्हर्जन एकत्र झाल्यावर, आणि पहिला मार बाहेरच्या घोट्याच्या पुढल्या अँटिरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंटला. पंजा घोट्यात आत वळत नाही, त्याखालच्या टॅलस (घोट्याचं हाड) आणि कॅल्केनिअस (टाचेचं हाड) यांच्या सांध्यात वळतो. घोट्याची बिजागरी वर-खालीच चालते.

पावलाच्या सुपिनेशनला इन्व्हर्जन म्हणू नका. चालण्याच्या अभ्यासात सुपिनेशन म्हणजे इन्व्हर्जन, ॲडक्शन आणि प्लांटारफ्लेक्शन तिन्ही मिळून.

ओंजळ

मैदानी, सूर्यनमस्काराचं प्रतलांनुसार विश्लेषण तुम्ही वर्गात घेता ना? ते टाका. योगशिक्षकांच्या फार कामाचं आहे.

मैदानी

थोडक्यात टाकतो.

हस्त-उत्तानासन: खांद्याचं पूर्ण फ्लेक्शन, पाठीच्या कण्याचं एक्स्टेन्शन. हस्तपादासन: नितंबाचं फ्लेक्शन, गुडघा एक्स्टेन्शनमध्ये. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग आखडलेले असले की नितंब थांबतं आणि बाकीचं वाकणं कंबरेच्या मणक्यांवर पडतं. बाहेरून 'हात जमिनीला टेकले' एवढंच दिसतं, म्हणून बाजूने उभं राहून बघा की घडी नितंबात पडतेय की कंबरेत. अश्वसंचालन: पुढच्या पायाच्या नितंबाचं फ्लेक्शन, मागच्याचं एक्स्टेन्शन, पुढच्या घोट्याचं डॉर्सिफ्लेक्शन. पर्वतासन: नितंब फ्लेक्शन, खांदा फ्लेक्शन, घोटा डॉर्सिफ्लेक्शन, टाच टेकत नसेल तर कोनमापकांनी वर सांगितलेला पोटरीचा मुद्दा. भुजंगासन: कण्याचं एक्स्टेन्शन.

आता वही बघा. प्रत्येक ओळ सॅजिटल प्रतलात. एकही मोठी हालचाल कोरोनल किंवा ट्रान्सव्हर्स नाही. 'सूर्यनमस्कारात सगळं येतं' म्हणणाऱ्यांना हे दाखवा. बाजूला वाकणं त्रिकोणासनातून आणि पिळणं वक्रासनातून वेगळं घ्यावं लागतं.

गोठा

जनावरांच्या बाजूने एक ओळ. गाईला अँटिरिअर-पोस्टिरिअर वापरू नका. क्रेनिअल म्हणजे डोक्याकडे, कॉडल म्हणजे शेपटीकडे, डॉर्सल पाठ, व्हेंट्रल पोट. माणूस उभा राहिला म्हणून त्याचं व्हेंट्रल आणि अँटिरिअर एक झालं. गाईचं व्हेंट्रल जमिनीकडे आहे.

अस्थिरंग

आणि माणसाच्या मेंदूत ते गाईसारखंच राहतं, कारण मेंदूचा आस कण्याशी वाकलेला आहे. मोठ्या मेंदूत डॉर्सल म्हणजे वर, कण्यात डॉर्सल म्हणजे मागे. म्हणून तिथे रॉस्ट्रल, म्हणजे नाकाकडे, हा शब्द वापरतात.

कोनमापक

नोंद करण्याची पद्धत सांगून ठेवतो, कारण आकडे बरोबर असूनही लिहिताना वाट लागते. कोपर: कोनमापकाचा मध्य ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) लॅटरल एपिकॉन्डाइलवर, म्हणजे कोपराशी बाहेरच्या उंचवट्यावर, स्थिर पट्टी खांद्याच्या टोकाकडे, फिरती पट्टी मनगटाच्या रेडिअल स्टायलॉइडकडे (रेडियसच्या टोकाकडे), तळहात उताणा. गुडघा: मध्य मांडीच्या लॅटरल एपिकॉन्डाइलवर, वर ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा), खाली बाहेरचा घोटा. डोळा पट्टीच्या समोर आणा, तिरपं बघितलं की आकडा सरकतो. 5 अंशांचा फरक मोजण्यातलाच धरा. 'मागच्या आठवड्यापेक्षा 3 अंश सुधारणा' लिहू नका.

तीन आकडे लिहा, मधला शून्याचा. 5-0-140 म्हणजे कोपर 5 अंश मागे जातं, शून्यावर येतं, 140 पर्यंत वाकतं. शून्यावर पोचतच नसेल तर शून्य मधून कडेला जातो: 0-20-130 म्हणजे सरळ होताना 20 अंशांवर अडतं. नुसतं '20 ते 130' लिहिलं तर 20 हे मागे जाणारं की अडलेलं, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

पहिल्या_बाकावरची

एक करून बघते, तपासा. 'उजव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटाच्या वर 4 सेंमी जखम.'

अस्थिरंग

'आतल्या' म्हणजे तळहाताची बाजू की करंगळीची? आणि 'वर' म्हणजे कोपराकडे की कातडीवर? हे पोलिसांच्या कागदावर गेलं तर वकील दोन्ही अर्थ काढेल. शिवाय 4 सेंमी हे अंतर आहे की जखमेची लांबी? आणि 'हात' म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत काहीही.

पहिल्या_बाकावरची

'उजव्या अग्रबाहूच्या (कोपर ते मनगट) अँटिरिअर पृष्ठभागावर, अल्नर बाजूला, मनगटाच्या घडीच्या 4 सेंमी प्रॉक्सिमल, आडवी, 2 सेंमी लांब जखम.'

अस्थिरंग

अल्नर लिहिलंस ते उत्तम. अग्रबाहूत मीडियलपेक्षा रेडिअल-अल्नर सुरक्षित, हात कसाही ठेवलेला असो. आता खोली आणि कडा लिही. आणि त्या जागी अल्नर नर्व्ह जवळ आहे, तेव्हा करंगळीच्या टोकाला स्पर्श कळतो का ते तपासून तेही त्याच ओळीत.